फळ्यावरचा काळा चौकोन

४ नोव्हेंबर

डावा गुडघा परत. काल तिकिटाच्या खिडकीतून उठताना स्टुलाला लागला, एवढंच. सकाळपर्यंत शहाळ्याएवढा. फ्रिजमधलं फॅक्टर, रक्त गोठवायचं औषध, काढून स्वतःच शिरेत टोचून घेतलं, आता हात बसलाय. झुबेदा बर्फ घेऊन आली. "स्टूल आंधळा होता की तुमी?" तिच्याबरोबर तीस वर्षं संसार करून एक शिकलोय, अशा प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं.

रजा टाकली. दिघीच्या फेरीची गर्दी आज दुसरा कुणी बघेल. आमच्या आळीतले सगळे बाप्ये कुवेत नाहीतर मस्कत करून आले, मी मात्र आगरदांड्याच्या धक्क्यावर बसून लोकांना समोरच्या तीराची तिकिटं देतो. ज्याचं रक्त गोठत नाही त्याला व्हिसा कोण देणार. शाळेत पोरं मला 'काचेचा माल' म्हणायची. नाव काही खोटं नव्हतं.

संध्याकाळी नाझियाचा फोन. शुक्रवारी येते म्हणाली, इम्रानही असेल. पनवेलचं कॉलेज सोडून पोरगी आडवारी कधी येत नाही. आवाज नेहमीचा नव्हता.

८ नोव्हेंबर

नाझियाला दिवस राहिलेत. लग्नाला चार वर्षं झाली, झुबेदाच्या दुआ आणि शेजारणींचे टोमणे दोन्ही चालू होते. बातमी ऐकल्यावर झुबेदाने आधी मीठ-मिरच्या उतरून टाकल्या, मग रडली, मग सांदणं वाफवायला ठेवली. इम्रान जावई म्हणून भिडस्त, सगळं ताटात घेतो आणि हळूहळू संपवतो. मला फार आनंद झाला. खरंच झाला.

जेवणानंतर नाझिया म्हणाली, "अब्बा, वाडीत चला जरा." नारळांखाली उभी राहिली, पायाने सुक्या झावळीचा तुकडा सरकवत.

"तुमचं रक्त लागेल."

मला वाटलं, मस्करी. माझं रक्त कुणाला लागणार.

९ नोव्हेंबर

ती काय म्हणाली ते नीट लिहून ठेवतो, नाहीतर डोक्यात गोळा होतो.

हा आजार माझ्याकडून मुलात कधीच जात नाही. मुलीत मात्र जातोच, फक्त तिला होत नाही. ती तो पोटात घेऊन फिरते. आम्हाला एकच मूल, नाझिया. म्हणजे तिच्यात तो आहे, तपासायचीही गरज नाही. तिला मुलगा झाला तर निम्मी शक्यता माझ्यासारखा होण्याची.

आता मुंबईत वारेचा कण काढून आधीच बघता येतं. मुलगा की मुलगी सांगायला कायद्याने बंदी, पण घरात असा आजार असेल तर मान्यता असलेल्या ठिकाणी तेवढं तपासतात. मात्र त्याआधी चूक नेमकी कुठे आहे ते माझ्या रक्तात शोधावं लागतं. माझ्यात सापडली तरच पोरात शोधता येणार.

"आणि मुलगा असला, आणि त्याच्यात ती असली तर?" मी विचारलं.

"तर विचार करावा लागेल, अब्बा."

कसला, ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. ती माझ्याकडे बघत नव्हती. दुपारी दोघं गेली. मी गाडीला हात केला आणि आत येऊन विनाकारण हात धुतले.

११ नोव्हेंबर

युनूसमामू आणि इल्यासमामू. दोघांना मी बघितलेलं नाही. फोटोही नाहीत. आईच्या तोंडून जेवढे ऐकले तेवढेच.

युनूस थोरला. सुंता ठरली तेव्हा सहा-सात वर्षांचा. नवे कपडे, गळ्यात हार, घोड्यावरून मिरवणूक. हजाम पिढीजात, हात हलका, अर्ध्या गावच्या सुंता त्यानेच केलेल्या. राख लावली, पट्टी बांधली. रक्त थांबलंच नाही. तिसऱ्या दिवशी मिरवणुकीला आलेलेच लोक मय्यतीला आले.

घरच्यांनी काय निदान केलं? नजर. या तीराची बला. कुणीतरी सांगितलं, धाकट्याला खाडीपलीकडे न्या, बला पाणी ओलांडत नाही. म्हणून इल्यासची वेळ आली तेव्हा त्याला होडीत घालून दिघीला नेलं. वेगळं घर, वेगळा हजाम, वेगळा वस्तरा. मिरवणूकही नको म्हणाले, उगाच कुणाची नजर. सगळं बदललं. एक सोडून, जे बदलता येत नव्हतं. आई तेव्हा नऊ वर्षांची, त्याचा हात धरून होडीत बसलेली. येताना हात धरायला तो नव्हता.

बला पाणी ओलांडत नाही. तीच होडीत होती, माझ्या आईच्या अंगात, आणि कुणाला ठाऊक नव्हतं.

१४ नोव्हेंबर

आईबद्दल.

माझी सुंता तिने होऊ दिली नाही. बापाकडचे सगळे उलटले. ती उंबऱ्यात बसून राहिली. "दोन भाव दिलं. प्वार देनार न्हाय." एवढंच वाक्य, वर्षभर. शेवटी आमच्या मशिदीचे मौलवी स्वतः घरी आले आणि म्हणाले, जिवाला धोका असेल तर सक्ती नाही, बाईला त्रास देऊ नका. आधीच कुणी त्यांना विचारलं असतं तर.

पुढे दाताने दगा दिला. दुधाचा दात पडला आणि उशी भिजली. आई मला घेऊन एस्टीने रेवसला, तिथून लाँचने भाऊच्या धक्क्याला. माझ्या तोंडाला पदराचा बोळा. मोठ्या इस्पितळात पहिल्यांदा डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि दुसऱ्याच्या रक्तातली पिवळट पिशवी लावली. आईला ते नाव कधी म्हणता आलं नाही. ती 'मुंबईचा आजार' म्हणायची, कारण मुंबईत त्याला नाव मिळालं.

त्या पिशव्यांनी मला वाचवलं. एकीतून कावीळही आली, तीही निभावली. लग्नाआधी त्याच इस्पितळात फॅक्टर देऊन सुंता झाली. युनूस, इल्यास आणि मी, रक्त एकच. मधे फक्त एक पिशवी.

१७ नोव्हेंबर

झुबेदाशी भांडण. दोन दिवस भांड्यांचा आवाज मोठा येत होता, तेव्हाच ओळखायला हवं होतं.

"रक्त द्यायचं नाय. तुमचंच रक्त घेवून तुमच्याच नातवाला तराजूत घालनार. पारडं तिकडं गेलं तर?"

म्हटलं, मग पोरीने सोसायचं का, माझ्या आईने सोसलं तसं?

"तुमच्या आयेनं सोसलं म्हनून मी या घरात हाय."

तिने चहा आणून आदळला, आणि बशीत खारी ठेवली होती. राग असला की ती खारी ठेवत नाही. म्हणजे तीही घाबरलीय.

मी कुठल्या बाजूचा, मलाच कळत नाही. रक्त नाही दिलं तर पोरीचा रस्ता मी अडवला. दिलं तर... पुढचं लिहवत नाही.

२२ नोव्हेंबर

नाझियाचा फोन, नेहमीपेक्षा जास्त बोलली. बारावीला जीवशास्त्र शिकवते. आनुवंशिकतेच्या धड्यात हिमोफिलिया येतोच, दरवर्षी फळ्यावर वंशवृक्ष काढावा लागतो. बाई असली की गोल, पुरुष असला की चौकोन, आजारी असला की आत खडूने भरायचा. मुलांच्या वहीत तो काळा होतो.

"आज माझा हात थांबला, अब्बा. मी काढत होते ते आपलंच घर होतं."

वर दोन काळे चौकोन, युनूस आणि इल्यास. त्यांच्याखाली रेघ नाही, तिथे फांदी संपली. शेजारी गोल, माझी आई, तिच्याखाली मी. पूर्वी काळ्या चौकोनाखाली बहुतेक रेघ नसायचीच, म्हणाली. असली पोरं मोठी होत नसत, लग्नं होत नसत, दोष आपोआप गळून जायचा. याला नैसर्गिक निवड म्हणतात. आता औषधं आलीत, गळत नाही. तिने सहज म्हटलं, वर्गात म्हणते तसं, "तुम्ही वाचला नसता तर आपल्या घरातलं तिथंच थांबलं असतं."

मासळीवाल्याची आरोळी तिकडेही ऐकू आली असेल.

"अब्बा, तसं नव्हतं म्हणायचं." मग घाईघाईने, "तुम्ही एकटे नाही. चष्मेवाले, सुईवर जगणारे साखरेवाले, मी स्वतः पोट फाडून झालेली. औषधांनी माणसाची चाळण बदलली, एवढंच. वाईट झालं असं कुठे लिहिलेलं नाही."

"चांगलं झालं असं लिहिलंय?"

"तसंही नाही."

फोन ठेवल्यावर बराच वेळ तो फळा डोळ्यांसमोरून हलेना. माझ्या चौकोनाखाली रेघ आहे. रेघेच्या टोकाला खडू घेऊन ती स्वतः उभी आहे.

२३ नोव्हेंबर

खिडकीत लक्ष नव्हतं. एका मोटारवाल्याला दुचाकीचं तिकीट दिलं, त्याने गुपचूप खिशात घातलं. मग चूक लक्षात आली, मीच हाक मारून परत घेतलं.

सुंता ही आमच्याकडे चाळण होती. प्रत्येक पोर त्यातून जायचं, ज्याचं रक्त असं ते तिथेच अडायचं. कुणी ठरवून केलं नव्हतं. हारतुऱ्यात, गोडधोड खाऊन व्हायचं. मी तेवढा चाळणीच्या कडेवरून खाली उतरलो, कारण एक बाई उंबऱ्यात बसली होती.

आता मधेच वाटतं, मामू बघताहेत. रागाने नाही. रांगेत उभं राहिलेल्याने पुढे घुसलेल्याकडे बघावं तसं.

२५ नोव्हेंबर

असरच्या नमाजनंतर कब्रस्तानात गेलो. आईची कबर सापडते, तिच्यावर दगड आहे. मामूंच्या दोन लहान होत्या, इल्यासलाही होडीतून परत इथेच आणलं होतं, तिच्यापासून खाडीच्या अंगाला, असं ती दाखवायची. आता तिथे तिवरं चढून आलीत. पाय चिखलात गेला, गुडघ्याचं भान आलं आणि मागे फिरलो.

फातेहा पढली. कुणाच्या दिशेला तोंड करायचं तेच कळत नव्हतं. आणि तिथे मला स्पष्ट भीती वाटली, भरदिवसा. मेलेल्यांची नाही. असं वाटलं की इथे तिसरी लहान जागा माझी होती. कुणीतरी ती रिकामी ठेवली आणि तीच जागा आता नाझियाच्या पोरापाशी जाऊन उभी राहिलीय.

घरी आलो तर झुबेदा दारात. "चिखल कसला?" म्हटलं, घसरलो. तिने पायावर पाणी ओतलं. बोटं एकेक करून पुसली.

२८ नोव्हेंबर

रक्त दिलं.

ठरवून असं नाही. सकाळी उठलो, कपडे केले, झुबेदाने भाकरी बांधून दिली. पनवेलपर्यंत एस्टीने, पुढे मुंबईला नाझियाबरोबर गाडीत. इम्रान चालवत होता. वाटेत, नाझियाचा डोळा लागल्यावर, एकदाच म्हणाला, "अब्बा, मला पोराची भीती वाटत नाही. नाझियाची वाटते. तुमच्या आईंसारखं आयुष्यभर दचकत राहणं तिला झेपेल का?" चांगला माणूस आहे.

इस्पितळात बाकावर शेजारी एक तरुण, पेणकडचा, त्याच आजाराचा. कपाळावर हेल्मेटचे वळ. माझी काठी बघून म्हणाला, "काका, तुमच्या वेळचं राहिलं नाही आता. पंधरा दिवसांनी पोटावर सुई, बास. गेल्या महिन्यात गड चढून आलो." गुडघे सरळ. मला त्याचा हेवा वाटला, इतका की तोंड फिरवलं.

मग विचारलं, लग्न?

"झालं ना. मुलगी आहे दोन वर्षांची. एकदम ठणठणीत."

मोबाइलवर फोटो दाखवला. डोक्याला दोन शेंड्या, हातात फुगा. नाझियाने फोटो नीट बघितला, गोड आहे म्हणाली, आणि परत दिला. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. मुलीत काय जातं ते त्याला डॉक्टरांनी सांगितलं असेल. सांगितलं असेल तरी आपण काय ऐकतो ते आपल्याला ठाऊक.

नर्सने बोळा दाबून धरायला सांगितलं. दाबून धरायला मला शिकवते.

१३ डिसेंबर

सापडली. नाझियाने फोनवर सांगितलं, डॉक्टर खूश होते म्हणे, कधीकधी महिने जातात.

मला पण क्षणभर, लाज वाटते लिहायला, बरं वाटलं. इतक्या वर्षांची बला, तिला एकदाची जागा मिळाली. इवलीशी चूक, म्हणे. एवढ्याशा चुकीसाठी दोन मामू, माझे गुडघे, आईचं सगळं तारुण्य.

आता वारेची तपासणी.

१७ डिसेंबर

काल झाली. झुबेदा गेली होती पोरीबरोबर. जाणार नाही, जाणार नाही, म्हणत पहाटे बुरखा घालून तयार. मी खिडकीत बसलो. तिघांनी जाऊन काय करायचं.

परत आल्यावर झुबेदा म्हणाली, पडद्यावर दिसलं. हात हलवत होतं. एवढं बोलून मासळी साफ करायला बसली आणि खवले काढलेल्याच माशाचे परत काढत राहिली.

२४ डिसेंबर

नाझियाला नाताळची सुट्टी, विश्रांतीला इकडेच आलीय. इम्रान शनिवारी येईल.

दुपारी झुबेदा शेजारी गेल्यावर ती माझ्याजवळ ओट्यावर बसली. "अब्बा, एक विचारते. अम्मीला सांगता तसं सांगू नका. तुम्हाला कधी वाटलं, की जन्मलोच नसतो तर बरं?"

मी फेरीचं काहीतरी बोलायला लागलो. तिने टाळू दिलं नाही.

सांगितलं मग. बारा वर्षांचा असेन. कोपर सुजलं होतं, तिसरी रात्र झोप नव्हती, गावातली पोरं खाडीत उड्या मारताना ऐकू येत होती. आईला म्हटलं, "मना कशाला ठेवलंस? मामूंसारकं जाऊ द्यायचं व्हतं." तिने मारलं. आयुष्यात एकदाच. दंडावर, पुऱ्या ताकदीने. आणि लगेच दोघांना कळलं की काय झालं. दंड आमच्या डोळ्यांसमोर काळा होत गेला. ती ओलं फडकं धरून सकाळपर्यंत बसली. मला वेदना आठवत नाही, तिचा चेहरा आठवतो. पुन्हा कधी तिने माझ्यावर हात उचलला नाही. पुन्हा कधी जवळही घट्ट घेतलं नाही. भीती वाटायची तिला, आपल्याच हातांची.

नाझिया रडत होती. "आणि आता? आता वाटतं?"

म्हटलं, तू झालीस त्यानंतर नाही. हे खरं आहे. पण ती बारा वर्षांच्या पोराबद्दल विचारत होती, आणि त्याचं उत्तर तिला मिळालं होतं.

पुढे म्हणालो, "माझ्याकडे बघून ठरवू नको. ठेवायचं असलं तरी माझ्यासाठी नको, आणि नसलं तरी माझ्या गुडघ्यांवरून नको. आता सुया वेगळ्या आहेत. तो पेणचा पोरगा गड चढतो."

"सुया वेगळ्या आहेत," ती म्हणाली. "मी मात्र तीच आहे ना, अब्बा. दादीसारखीच दचकणारी." मग डोकं माझ्या खांद्याला टेकवलं, जपून, भार न टाकता, लहानपणापासून टेकवते तसं.

२७ डिसेंबर

काही नाही. वाट बघणं. झुबेदा कुठून कुठून नवस आणते, आणि मी हसलो की म्हणते, "तुमचं शास्तर चालतंय ना, माजं बी चालू दे." नाझिया पेपर तपासत बसते. वंशवृक्षाचे पेपर.

३१ डिसेंबर

सकाळी इस्पितळातून फोन. उत्तर आलंय, डॉक्टर स्वतः संध्याकाळी बोलतील. फोनवर नको असेल तर येऊन भेटा, म्हणाले. नाझिया म्हणाली, फोनवरच. "पण अब्बा शेजारी हवेत." इम्रान पनवेलहून निघालाय. झुबेदा कुराण घेऊन आतल्या खोलीत. मी खिडकीतून लवकर सुटून आलो.

दुपारची, जोहरची नमाज खुर्चीवर बसून पढली, गुडघे वाकत नाहीत. मग दुआला हात उचलले. काय मागायचं ते कधीचं ठरलेलं, पोर निरोगी असू दे. ओठांवर आलंच नाही. आलं ते असं. माझ्यासारखाच असू दे, आणि तरीही तिने त्याला ठेवावं.

मी हादरलो. असं कोण मागतं? स्वतःच्या नातवासाठी? दुखणं मागितलं मी, फक्त कुणीतरी एकदा काळ्या चौकोनाला हो म्हणावं म्हणून. मला वाटत होतं हे सगळं तिच्यासाठी चाललंय.

हात तसेच खाली घेतले. तोंडावरून फिरवले नाहीत. अशी दुआ पुरी झाली की अर्धी राहिली, मौलवींना विचारायची हिंमत नाही.

हे लिहीपर्यंत ऊन उतरलं. ओट्यावर फोन वाजतोय. नाझिया उचलत नाही, दाराकडे बघतेय. मी येईपर्यंत थांबलीय.